जुना दागिना विकत घेताना: आधी हक्क, मग वजन, मग कस, भाव सगळ्यात शेवटी

रुमालाची पुरचुंडी काउंटरवर सोडत त्या बाई म्हणाल्या, "काका, बोरमाळ आहे. चुलत सासूबाईंकडून घेतली, सव्वातीन तोळे. दोरा तुटलाय, तेवढी गाठवून द्या." मणी तोलले. ५० मणी, ३२.५० ग्रॅम. सव्वातीन तोळे अगदी बरोबर. मग एका मण्याच्या भोकात दाभण फिरवला आणि कागदावर तपकिरी भुकटी पडली. बाईंना वाटलं मळ आहे. ती लाख होती, पोकळ मण्यात भरतात ती राळ. सोन्याच्या भावाने त्यांनी साडेआठ ग्रॅम लाख विकत घेतली होती.

तालुक्याच्या गावात पेढीवर बसताना मी हे वर्षातून पाच-सहा वेळा तरी बघतो. फसवणारा कोणी नसतो. सासूबाईंनाही लाखेचं ठाऊक नव्हतं. चुकतो तो क्रम. घरात बसून आधी भाव ठरतो, मग पैसे दिले जातात, मग कधीतरी वजन होतं आणि कस तर विकायची वेळ आल्यावरच बघितला जातो. तो क्रम उलटा करायचा कसा, ते खाली सांगतो. घरातून किंवा ओळखीतून घेतलेला दागिना, सराफाकडचा जुना माल, बँकेच्या लिलावातली वस्तू, तिन्हींना हेच टप्पे लागू आहेत.

## टप्पा १ : घरातून निघण्याआधी

दागिना अंगावर घालायला हवाय की सोनं म्हणून ठेवायला, हे आधी ठरवा. ठेवायलाच असेल तर लाखेचे, मोत्यांचे, खड्यांचे दागिने यादीतून काढून टाका. पाटल्या, गोठ, साखळी, वेढणी एवढंच बघा. घालायला हवा असेल तर ठुशी, साज, तन्मणी काहीही घ्या. मात्र त्यातलं सोनं किती आणि हौस किती, हे दोन आकडे वेगळे ठेवा.

पिशवीत चार गोष्टी असू द्या:

- ग्रॅमचे दोन दशांश दाखवणारा छोटा वजनकाटा. त्याची खात्री करायला नवं नाणं चालत नाही, काट्यासोबत येणारं वजन वापरा.
- दहा पट मोठं दाखवणारं भिंग.
- मोबाइलवर बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) केअर ॲप.
- त्या दिवशीचा २४ कॅरेटचा भाव, ग्रॅममध्ये. इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ भाव जाहीर करते. त्यात जीएसटी धरलेला नसतो.

लोहचुंबक घ्या किंवा नका घेऊ. चुंबकाला चिकटलं नाही म्हणून सोनं, असं नसतं. तांबं, पितळ, चांदी यांतलं काहीच चिकटत नाही. आणि अस्सल साखळीची कडी चिकटू शकते, कारण तिच्या आत पोलादी स्प्रिंग असते.

## टप्पा २ : विकणाऱ्याचा हक्क

दागिना हातात घेण्याआधी विचारायचं: हा कोणाचा? विचारायला अवघड वाटतं, पण सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. कस कमी निघाला तर काही हजार जातात. दागिना चोरीचा निघाला तर पोलीस तो मुद्देमाल म्हणून घेऊन जातात, पैसे परत मिळायची खात्री नसते, वर चौकीच्या खेपा. माहीत असून घेतला असं ठरलं तर तुमच्यावरच गुन्हा दाखल होतो.

घरच्या व्यवहारात प्रश्न वेगळे असतात:

- नवरा विकतोय, पण दागिना बायकोचा आहे का? लग्नात तिला मिळालेलं सोनं स्त्रीधन असतं. तिची सही नसेल तर व्यवहार करू नका. "तिला माहितेय" हे पुरेसं नाही.
- आई गेल्यावर मुलगा विकतोय, तर बहिणी किती? मुलीही वारस असतात. सगळ्यांची लेखी संमती घ्या. परदेशात असलेल्या बहिणीचा ईमेल चालेल, "फोनवर हो म्हणाली" चालणार नाही.
- दागिना गहाण आहे का? "उद्या सोडवून आणतो, आज निम्मे पैसे द्या" असं कोणी म्हणालं तर पैसे त्याच्या हातात न देता सोबत बँकेत किंवा पतसंस्थेत जा. कर्जखात्यात थेट भरा, दागिना तिथेच ताब्यात घ्या आणि कर्ज फिटल्याची पावती मागा.

जुनी पावती असेल तर बघा. नसेल तर अडून बसू नका. ३०-४० वर्षांपूर्वीच्या दागिन्याची पावती बहुतेक घरांत नसतेच. पण अंगावर घातलेला जुना फोटो निघतो. लग्नाच्या अल्बममधल्या एका फोटोत तोच तोडा दिसला तर माझं निम्मं काम होतं.

तपासा : विकणारा ओळखपत्राची प्रत द्यायला कां-कूं करतोय का? करत असेल तर चहा पिऊन उठा.

## टप्पा ३ : वजन

हा टप्पा सगळ्यांना सोपा वाटतो आणि सगळ्यात जास्त वेळा पैसे इथेच जातात.

तोळा विसरा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा: १२ मासे, ९६ गुंजा. आज बाजारात तोळा म्हटलं की १० ग्रॅम. आजींच्या वहीत "तोडे ५ तोळे" असं लिहिलं असेल तर ते ५८ ग्रॅमच्या वर भरायला हवेत. काट्यावर ५० आले तर एक तर ते झिजलेत, किंवा मधे कधीतरी मोडून नवे केलेत, किंवा वहीतले तोडे हे नव्हेतच. उलटंही होतं. विकणारा जुन्या तोळ्याने वजन सांगतो, घेणारा दहाने गुणतो, आणि दोघेही प्रामाणिक असून हिशोब फिसकटतो. बोलणं ग्रॅममध्येच करा.

ठोक आणि निव्वळ. काट्यावर येतं ते ठोक वजन. त्यातून लाख, दोरा, गोंडा, मोती, खडे, काचमणी वजा करायचे. उरतं ते निव्वळ. आपल्याकडच्या पारंपरिक दागिन्यांत निव्वळ वजन नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. बोरमाळेचा मणी, कोल्हापुरी साजाची पानं, कितीतरी तोडे वरून पातळ पत्रा आणि आतून लाख असे असतात. ही फसवणूक नव्हे, घडणच तशी. लाख नसेल तर पातळ पत्रा पहिल्याच दिवशी चेपेल.

मग लाख किती, हे कसं काढायचं? दागिना एकसारख्या मण्यांचा असेल तर विकणाऱ्याच्या परवानगीने एकच मणी रिकामा करायचा. सोनार तो तापवतो, लाख वितळून बाहेर येते, जळलेल्या राळेसारखा वास सुटतो आणि हातात सोन्याचं टरफल उरतं. त्या बोरमाळेचा भरलेला मणी ०.६५ ग्रॅमचा होता, रिकामं टरफल ०.४८. म्हणजे ५० मण्यांचं निव्वळ सोनं २४ ग्रॅम. बाकी साडेआठ ग्रॅम लाख.

परवानगी नसेल तर अंदाजाने भाव करू नका. मी स्वतः लाखेच्या दागिन्यात अंदाज सांगत नाही. काहींत लाख पाव हिस्सा असते, काहींत निम्म्याच्या पुढे जाते.

भरीव आहे की पोकळ, घरच्या घरी. बिनखड्याची पाटली, गोठ किंवा वळं असेल तर एक साधा प्रयोग करा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. दागिना बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा वाढेल तेवढं दागिन्याचं आकारमान, घन सेंटिमीटरमध्ये. कोरड्या वजनाला त्याने भागा. २२ कॅरेट भरीव सोन्याचं उत्तर साडेसतरा-पावणेअठराच्या आसपास येतं, १८ कॅरेटचं पंधरा-साडेपंधराच्या. म्हणजे २० ग्रॅमची २२ कॅरेट पाटली पाण्यात घातली की काटा साधारण १.१३ दाखवेल. तोच काटा ३ दाखवत असेल तर आत पोकळी, लाख किंवा दुसरा धातू आहे.

इशारा : लाखेचा, मोत्याचा किंवा कुंदनाचा दागिना पाण्यात बुडवू नका. भोकातून पाणी आत शिरतं आणि पुन्हा निघत नाही. साखळीच्या कड्यांत हवेचे बुडबुडे अडकतात, म्हणून तिचं उत्तरही चुकीचं येतं.

## टप्पा ४ : शिक्के वाचणं

आता भिंग काढा. कडीजवळ, आतल्या बाजूला किंवा फाशावर शिक्के असतात. आजच्या हॉलमार्कमध्ये तीन खुणा असतात: बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (२२के९१६, १८के७५० अशी) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळखक्रमांक. ही सहा अंकी पद्धत जुलै २०२१ मध्ये आली. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क बंधनकारक असलेल्या ठिकाणी सराफाला त्याशिवाय दागिना विकता येत नाही.

एचयूआयडी ॲपमध्ये टाका. दागिन्याचा प्रकार, शुद्धता, नोंदवणारा सराफ आणि तपासणी केंद्र दिसतं. प्रकार जुळतो का ते बघा. हे कोणी करत नाही. ॲपमध्ये अंगठी दिसते आणि हातात साखळी असते, म्हणजे शिक्का दुसरीकडचा आहे. शिक्क्याची कडी जुनी आणि साखळी नंतर जोडलेली, असंही निघतं. जोडाच्या जागी झाळीचा, म्हणजे सांधायला वितळवलेल्या धातूचा, रंग वेगळा आहे का, भिंगातून बघा.

आधीच्या काळातल्या दागिन्यांवर एचयूआयडी नसतो. बीआयएसचं चिन्ह, शुद्धता, तपासणी केंद्राची आणि सराफाची खूण असते, २०१७ च्या आधीच्यांवर वर्षाचं अक्षरही. हा हॉलमार्क ग्राहकाच्या हातात आजही ग्राह्य आहे. आणि त्याहून जुन्या दागिन्यांवर काहीच नसतं, फार तर सोनाराचं नाव. शिक्का नाही म्हणून दागिना वाईट नव्हे. मी ९२ टक्क्यांच्या वर टंच (शुद्ध सोन्याचं प्रमाण) असलेल्या बिनशिक्क्याच्या पाटल्याही पाहिल्यात. "केडीएम" लिहिलेलं दिसलं तर मात्र त्याला शुद्धतेची हमी समजू नका. ती कॅडमियम वापरून झाळण्याची पद्धत होती, बीआयएसची खूण नव्हे.

घरच्या माणसाने आपला जुना दागिना बिनहॉलमार्क विकण्यावर बंदी नाही. सराफावर आहे. तो "जुना माल आहे, हॉलमार्क लागत नाही" म्हणाला तर कारण विचारा. दोन ग्रॅमच्या आतली वस्तू, कुंदन-पोलकी-जडाऊ, ४० लाखांच्या आतली वार्षिक उलाढाल, अशा सवलती आहेत. "जुना आहे" ही सवलत नाही.

## टप्पा ५ : कस

कसोटीचा दगड आणि तेजाब (आम्ल) वापरणारा जाणकार हात अजूनही बरंच सांगून जातो, पण खरेदीसाठी मी तो पुरेसा मानत नाही. बीआयएसमान्य तपासणी केंद्रात जा. काही शे रुपयांत काम होतं, कोणीही ग्राहक जाऊ शकतो आणि लेखी अहवाल मिळतो. हॉलमार्क मात्र तिथे थेट मारून मिळत नाही, तो नोंदणीकृत सराफामार्फतच होतो.

तपासणी दोन प्रकारची असते. एक्स-रे यंत्र मिनिटभरात टंच सांगतं, दागिन्याला ओरखडाही येत नाही. पण ते फक्त पृष्ठभाग वाचतं, तेही काही मायक्रॉन. वर जाड मुलामा असेल तर यंत्र मुलाम्याचाच आकडा देतं. दुसरी आगीतली तपासणी: नमुना कापून, वितळवून, भट्टीत शुद्ध करून तोलतात. ती सर्वांत विश्वासाची, पण दागिन्याचा तुकडा जातो. घडीव ठुशीला हे कोणी करू देणार नाही आणि देऊही नये.

म्हणून यंत्रावर एक नव्हे, चार-पाच ठिकाणी वाचन घ्यायला सांगा: समोर, मागे, झिजलेली कड, कडी आणि झाळीचा जोड. पाटलीची आतली कड सगळ्यात बोलकी, कारण मुलामा तिथे आधी उडतो. समोर ९१.६ आणि कडेला ७५ आलं तर तिथेच थांबा. झाळीच्या जोडावर आकडा थोडा कमी येणारच, जुन्या दागिन्यात जास्तच. सोनार पूर्वी हात सैल सोडून झाळ भरायचे. त्या बोरमाळेची सरासरी ८७.५ आली. अशा दागिन्याला २२ कॅरेटचा शिक्का मिळत नाही. केंद्रात नेला तर तो खालच्या वर्गात, २० कॅरेट म्हणजे ८३३ मध्ये जातो.

इशारा : तपासणीआधी "जरा उजळून घेऊ" असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. उजळताना थोडं सोनं उतरतं, आणि मुलामा द्यायचा असेल तर तो नेमका तेव्हाच दिला जातो.

मोती, खडे यांचं वेगळं. आपल्या जुन्या दागिन्यांतले लाल-हिरवे खडे बहुधा काचेचे किंवा कृत्रिम असतात, त्यांचे शून्य पैसे धरा. नथीत "बसरा मोती" असल्याचं सांगतात. दाताला घासून खरखरीत लागलं तर तो काचेचा किंवा प्लास्टिकचा नाही, एवढंच कळतं. नैसर्गिक की संवर्धित (शिंपल्यात मुद्दाम वाढवलेला), हे एक्स-रे घेणारी रत्नपरीक्षण प्रयोगशाळाच सांगते. अहवाल नसेल तर संवर्धित मोत्याचा भाव.

### त्याच डब्यात घड्याळ निघालं तर

काकांचं "सोन्याचं" स्विस घड्याळ बहुतेक वेळा सोन्याचं नसतं. केसवर "२० मायक्रॉन" किंवा "रोल्ड गोल्ड" असलं, मागचं झाकण पोलादाचं असलं, तर वर फक्त मुलामा आहे. १८ कॅरेटच्या जुन्या स्विस केसमध्ये झाकणाच्या आत स्त्रीच्या डोक्याचा बारीक शिक्का असतो, १९९५ पासून सेंट बर्नार्ड कुत्र्याचा. सोनं असलं तरी पूर्ण घड्याळ तोलून भाव लावू नका, आतलं यंत्र लोखंड-पितळेचं असतं. आणि साठ वर्षांच्या घड्याळाची तबकडी कोरी करकरीत दिसली, अक्षरं जाड आणि किंचित वाकडी असली, तर ती नव्याने रंगवलेली आहे. मुंबईच्या बाजारात अशी इतकी घड्याळं रंगवली गेली की शौकिनांत त्यांना "मुंबई स्पेशल" म्हणतात. घालायला घ्या, संग्राह्य म्हणून जादा पैसे देऊ नका.

## टप्पा ६ : आता भाव

हिशोब एका ओळीचा: निव्वळ वजन × टंच × २४ कॅरेटचा भाव.

सोयीसाठी भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. बोरमाळेचं निव्वळ २४ ग्रॅम, टंच ८७.५ टक्के, म्हणजे शुद्ध सोनं २१ ग्रॅम, किंमत २,१०,००० रुपये. त्या बाईंनी काय केलं होतं? ठोक ३२.५ ग्रॅम, "बावीस कॅरेट आहे" म्हणून ९१.६ टक्के, आणि गुणाकार: २,९७,७०० रुपये. फरक ८७,७०० रुपयांचा. त्यातला मोठा भाग लाखेचा, थोडा कसाचा.

यावर घासाघीस कशी करायची? विकणाऱ्याने हाच दागिना मोडीत दिला तर सराफ घट कापून पैसे देतो. तुम्ही असाच नवा घेतला तर घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी द्याल. न्याय्य किंमत या दोन्हींच्या मधे कुठेतरी. माझं मत विचाराल तर साध्या साखळीला, यंत्रावरच्या बांगडीला घडणावळीचा एक रुपयाही देऊ नका. हाताने ठोकलेल्या पुतळ्या, जुन्या घडणीची ठुशी असेल तर वर थोडे द्या. तसं करणारे हात आता कमी राहिलेत.

खासगी माणसाने स्वतःचा दागिना विकला तर जीएसटी लागत नाही. सराफाने अशाच माणसाकडून घेऊन, न मोडता तसाच विकला, तर नियमाप्रमाणे त्याला फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरता येतो. पूर्ण किमतीवर ३ टक्के लावलेले दिसले तर विचारायला हरकत नाही.

तपासा : फार स्वस्तात मिळतोय? बाजारभावाच्या किमतीपेक्षा एकूण ५०,००० रुपयांहून जास्त कमी पैशांत दागिना घेतला, तर तो फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरून कर लागू शकतो. सख्ख्या नात्यांना यातून सूट आहे. चुलत-मावस भावंडं त्या सूटीच्या यादीत बसत नाहीत, आणि आपल्याकडचे निम्मे व्यवहार याच नात्यांत होतात.

## टप्पा ७ : पैसे आणि कागद

पैसे बँकेतूनच द्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. दंड घेणाऱ्याला होतो, आणि तो घेतलेल्या रकमेएवढा असतो. "आज दीड, उद्या दीड" असे तुकडे केले तरी व्यवहार एकच राहतो.

साध्या कागदावर दोन प्रती करा. त्यात दोघांची नावं-पत्ते, दागिन्याचं वर्णन, ठोक आणि निव्वळ वजन, तपासणी अहवालाचा क्रमांक, धरलेला भाव आणि त्याची तारीख, रक्कम, बँक व्यवहाराचा क्रमांक. खाली विकणाऱ्याचं वाक्य: "हा दागिना माझ्या मालकीचा असून कोठेही गहाण नाही, यावर अन्य कोणाचा हक्क नाही." त्याची सही, इतर वारसांच्या सह्या, दोन साक्षीदार. ओळखपत्राची प्रत जोडा. दागिना काट्यावर असताना आकड्यासकट फोटो काढा. पुढे तुम्ही विकाल तेव्हा खरेदीची किंमत दाखवायला हाच कागद लागेल.

भाव ठरल्याचा दिवस आणि पैसे देण्याचा दिवस वेगळे असतील तर कोणत्या दिवसाचा भाव, हे आधी लिहा. आठवड्याने सोनं चढलं की सख्खी बहीणसुद्धा बोलायची बंद होते.

लिलावातून घेत असाल तर वस्तू "आहे तशी" मिळते, नंतर तक्रार चालत नाही. म्हणून बोलीआधी वस्तू दाखवतात का, निव्वळ वजन कोणी काढलं आणि तपासणी कशाने केली, हे विचारा. उत्तर न मिळाल्यास लाखेच्या वस्तूवर बोली लावू नका.

## टप्पा ८ : घरी आणल्यावर

कडी, फासा आणि मळसूत्र आधी बदला किंवा घट्ट करून घ्या. जुना दागिना हरवतो तो बहुधा झिजलेल्या कडीमुळे. लाख आत खुळखुळत असेल तर पुन्हा भरून घ्या, नाहीतर पत्रा चेपतो. दोरा जुना असेल तर तुटायची वाट न बघता पटवेकऱ्याकडून गाठवून घ्या.

दागिना कोणाकडेही देताना मणी मोजून, तोलून आणि त्यांच्याच पावतीवर दोन्ही आकडे लिहून द्या. परत घेताना पुन्हा मोजा. त्या बाईंना मी ५० मणी मोजून दिले. त्यातला एक रिकामा होता, म्हणून तो गोंड्याजवळ, मानेमागे ओवलाय.